लिफ्ट करूनही टायर घासतोय? थार-जिम्नीवाल्यांसाठी मोजमापापासून फायनल टेस्टपर्यंतचा क्रम

दर पावसाळ्याच्या आधी हेच सुरू होतं. कोणीतरी गाडी दोन इंच उचलतो, मोठे टायर टाकतो, गॅरेजच्या आवारात एक चक्कर मारून बघतो, काही आवाज येत नाही म्हणून खूश होऊन घरी जातो आणि पहिल्याच ट्रेलला (कच्च्या वाटेवरच्या फेरीला) लायनर, म्हणजे चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर, फाटून येतो. मग विचारतो की अजून एक इंच उचलू का? नको उचलू. त्याने तुझा प्रॉब्लेम सुटणार नाही, आणि तो का सुटणार नाही हे कळलं की अर्धं काम झालं.

लिफ्टने गाडी उभी असताना टायर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यामधली जागा वाढते, बस. चाक पूर्ण वर दाबलं गेल्यावर ते कुठपर्यंत जाणार हे ठरवतो बंपस्टॉप, म्हणजे तो रबरी गुटका. स्पेसर (गाडी उचलायला स्प्रिंग-शॉकअपवर बसवतात ती चकती) टाकला, स्प्रिंग बदलली, तरी गुटका जिथे होता तिथेच असेल तर दगडावर चढताना किंवा खड्ड्यात आपटल्यावर चाक पूर्वी जायचं तिथेच जाणार, फक्त आता ते चाक मोठं आहे. आणि स्टिअरिंग फुल वळवल्यावर टायरचे कोपरे पुढे-मागे किती फिरतात त्याच्याशी तर लिफ्टचा फारसा संबंधच नाही, तो खेळ टायरच्या रुंदीचा आणि रिमच्या ऑफसेटचा.

मी हे माझ्या गाडीवर शिकलो. २०२१ ची थार, १८ इंची रिमवाली. एका गॅरेजने दोन इंचाचे स्पेसर आणि २८५/६५ आर १८ टायर टाकून दिले, आवारात स्टिअरिंग लॉक टू लॉक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) फिरवून दाखवलं, सगळं ओके. दोन आठवड्यांनी ताम्हिणी उतरताना गाडीत चार जण, मागे सामान, उताराच्या वळणावर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण डावीकडे, तेवढ्यात पुढून खर्रर्र असा आवाज आणि जळक्या रबराचा वास. उतरून बघितलं तर लायनरच्या क्लिपा तुटलेल्या, लायनरची कड टायरखाली ओढली गेलेली आणि टायरच्या खांद्यावरच्या (नक्षी आणि बाजूची भिंत जुळते त्या कडेच्या) ठोकळ्यांना तीन-चार मिलिमीटर खोल काप. आवारात जे घासलं नाही ते घाटात घासलं कारण ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक खाली बसतं आणि त्याच वेळी चाक वळलेलं असतं. या दोन्ही गोष्टी एकत्र तपासायच्या असतात, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

खालचा क्रम मोडू नका. बहुतेक जण टप्पा ६ पासून सुरू करतात, म्हणजे थेट ग्राइंडर घेऊन कापायला.

टप्पा १: टायर घ्यायच्या आधी कागदावर गणित

टायरचा व्यास काढायचा. २५५/६५ आर १८ मध्ये २५५ ही मिमीमधली रुंदी, ६५ हा प्रोफाइलचा टक्का आणि १८ हा रिमचा इंचातला व्यास. रुंदीला प्रोफाइलच्या टक्क्याने गुणा, त्याची दुप्पट करा, त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा (एक इंच म्हणजे २५.४ मिमी).

थारचा कंपनीचा १८ इंची टायर २५५/६५ आर १८, व्यास येतो साधारण ७८९ मिमी. त्याजागी २८५/६५ आर १८ टाकला तर ८२८ मिमी. म्हणजे त्रिज्या साधारण २० मिमी वाढली आणि रुंदी ३० मिमी, दोन्ही बाजूंना १५-१५. ज्यांची १६ इंची रिमवाली थार आहे त्यांचा मूळ टायर २४५/७५ आर १६, व्यास ७७४ मिमी, आणि त्यावर २८५/७५ आर १६ टाकला तर ८३४, म्हणजे त्रिज्येत ३० मिमीची उडी. नाव दोघांचंही २८५ पण दोघांची परिस्थिती एक नाही. एकाला घासत नाही म्हणून दुसऱ्याला घासणार नाही असं धरून चालू नका.

जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिमी. लोक आवडीने २३५/७५ आर १५ टाकतात, तो ७३३ मिमीचा, म्हणजे त्रिज्या २० मिमी जास्त आणि रुंदी ४० मिमी जास्त. छोट्या गाडीच्या छोट्या कमानीत ४० मिमी रुंदी खूप होते हे लक्षात घ्या.

यात अजून दोन गोष्टी धरायच्या. एक, कागदावरचा साइज सारखा असला तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरच्या प्रत्यक्ष मापात काही मिलिमीटरचा फरक असतो. दोन, मड टेरेनचे (चिखलासाठीच्या टायरचे) खांदे चौकोनी असतात आणि बाजूलाही ठोकळे असतात, त्यामुळे त्याच साइजचा ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचा) जिथे निसटून जातो तिथे मड टेरेन घासतो.

आणि स्पीडोमीटर. ७८९ वरून ८२८ वर गेलात तर काटा १०० दाखवेल तेव्हा चाक पूर्वीपेक्षा जवळपास ५ टक्के जास्त अंतर कापत असेल. ७७४ वरून ८३४ ला हा फरक पावणेआठ टक्क्यांच्या आसपास जातो. एक्सप्रेसवेवर कॅमेरे आहेत, ध्यानात ठेवा.

*तपासा:* नव्या टायरचा लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग (तो किती वजन आणि किती वेग सोसतो) मूळ टायरइतका किंवा जास्त आहे ना? कमी असेल तर तो टायर घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त मिळो.

*कायद्याचं:* मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करायला मनाई करतं, आणि कलम १८२अ(४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्स कंपनीही क्लेमच्या वेळी याच गोष्टीवर बोट ठेवू शकते. बदल करायच्या आधी हे माहीत असलं पाहिजे, आणि फेंडरच्या बाहेर डोकावणारा टायर सगळ्यात आधी नजरेत येतो.

टप्पा २: रिमचा ऑफसेट, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात

चाक आतमध्ये किती आणि बाहेर किती, हे ठरतं रिमची रुंदी आणि ऑफसेट (ज्याला ईटी म्हणतात; हबला, म्हणजे चाक बोल्टने बसतं त्या भागाला, टेकणारी रिमची बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा) यांच्यावर. एक हिशोब करून दाखवतो, आकडे नुसते उदाहरणाचे आहेत, तुमच्या रिमच्या आतल्या बाजूला कोरलेले आकडे बघून तुमचे घाला.

समजा जुनी रिम ७.५ इंच रुंद आणि ईटी ३०. नवी रिम ८.५ इंच आणि ईटी शून्य. जुन्या रिमची अर्धी रुंदी ९५ मिमी, त्यामुळे हबपासून आत ती १२५ मिमी जायची आणि बाहेर ६५. नवीची अर्धी रुंदी १०८, ती आत १०८ आणि बाहेरही १०८. म्हणजे आतल्या बाजूला १७ मिमी जागा मिळाली पण बाहेरच्या बाजूला चाक तब्बल ४३ मिमी सरकलं.

आता लोक काय करतात, आत कंट्रोल आर्मला (चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा) किंवा स्टॅबिलायझर बारला (गाडी कलू न देणारा आडवा दांडा) टायर घासत होता म्हणून अशी रिम किंवा हब आणि रिमच्या मध्ये बसणारा व्हील स्पेसर टाकतात, आतलं घासणं थांबतं आणि दुसऱ्याच दिवशी बंपरला आणि लायनरच्या मागच्या कडेला घासायला लागतं. दाराची बिजागरं डोळ्यांसमोर आणा. बिजागरापासून जितकं लांब तितकं दार जास्त मोठा गोल फिरतं. चाकही स्टिअरिंगच्या अक्षाभोवती तसंच फिरतं, बाहेर सरकवलं की वळताना ते पुढे आणि मागे जास्त लांब जातं. आतली अडचण सोडवायला लागेल तेवढंच बाहेर काढा, ‘लूक’साठी एक मिलिमीटरही जास्त नको. वर व्हील बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टिअरिंगला झटके बसतात ते वेगळंच.

*सावधान:* असा व्हील स्पेसर टाकायचाच असेल तर हबवर नीट बसणारा, गाडीच्या हबच्या मापाचाच घ्या, आणि नट पूर्ण आटे धरतोय का ते स्वतः मोजा. नट दोन-तीन आट्यांवर लटकत असेल तर तो स्पेसर काढून टाका, त्यावर बोलायचंही काही नाही.

टप्पा ३: घासतंय नक्की कुठे, ते टायर आणि गाडीच सांगते

टायर आधीच टाकलेत आणि घासतोय? मग कापाकापी करायच्या आधी खुणा वाचा. गाडी धुवायची नाही. आधी बघायचं, फोटो काढायचे आणि मग धुवायची, कारण धुतल्यावर निम्मी माहिती पाण्यात जाते.

लायनरवर मागच्या बाजूला, म्हणजे दाराच्या बाजूला, तळहाताएवढा काळा चकचकीत पट्टा असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना टायरचा मागचा कोपरा तिथे लागतोय. पुढच्या बाजूला, बंपरच्या आतल्या कडेला ओरखडा असेल तर वळताना पुढचा कोपरा लागतोय. टायरच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर गोलाकार रेघ, आणि चेसिसवर, आर्मवर किंवा स्टॅबिलायझर बारवर रंग उडालेला, तर आतली जागा कमी पडतेय. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बारीक रेघा आणि फेंडरच्या ओठावर रबराचा काळा भुगा, तर सस्पेन्शन दाबल्यावर वरून लागतोय. आणि लायनरच्या वरच्या घुमटात मधोमध घासलेलं दिसलं तर बंपस्टॉप चाकाला वेळेत थांबवत नाहीये.

खूण सापडत नसेल तर टायरच्या दोन्ही खांद्यांना आणि बाजूच्या भिंतीला जाडसर ओल्या खडूचा लेप द्या, सोसायटीच्या रॅम्पवर तिरकी चढवा, स्टिअरिंग फुल करून हळू रिव्हर्स घ्या, मग पुढे. जिथे खडू लागला तिथे लागतंय. रिव्हर्स विसरू नका, कारण बऱ्याच गाड्या पुढे जाताना घासत नाहीत पण रिव्हर्समध्ये घासतात, आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश थोडे उलट्या बाजूला दबतात आणि तेवढ्यात जागा जाते.

*तपासा:* डावीकडे आणि उजवीकडे सारखंच घासतंय का? फक्त एकाच बाजूला असेल तर कापू नका, टप्पा ४ नीट वाचा.

टप्पा ४: फुकटात किंवा स्वस्तात सुटणाऱ्या गोष्टी आधी

अलाइनमेंट. लिफ्ट केल्यावर कॅम्बर, कॅस्टर, टो, म्हणजे चाकाचे आणि स्टिअरिंगच्या अक्षाचे कोन, सगळं हलतं. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली वेगळी हलतात) असलेल्या थारमध्ये तर नक्कीच. कॅस्टर सेट करताना चाक पुढे-मागे थोडं सरकू शकतं, आणि मागच्या बाजूला फक्त सहा-सात मिलिमीटरच लागत असेल तर नुसत्या अलाइनमेंटमध्येच काम होऊन जातं. अलाइनमेंटवाल्याला नुसतं ‘करून दे’ म्हणू नका, त्याला सांगा की चाक मागे घासतंय, कॅस्टरची रेंज आहे तेवढ्यात चाक पुढे जाईल असं बघ. आणि आधीचा आणि नंतरचा प्रिंट घ्या.

एकच बाजू घासत असेल तर सॉलिड अ‍ॅक्सलवाल्या गाडीत (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर) पहिला संशय पॅनहार्ड रॉडवर. जिम्नीत पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल आहे आणि तो आडव्या रॉडने चेसिसला धरलेला असतो. रॉडची लांबी तीच, गाडी वर गेली, मग रॉड जास्त तिरका होतो आणि अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला ओढला जातो. फेंडरच्या ओठापासून एक ओळंबा सोडा, दोरीला नट बांधला तरी चालतं, आणि टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. डावीकडे १५ आणि उजवीकडे ३० असा फरक आला तर अ‍ॅक्सल साडेसात मिलिमीटर सरकलाय. लांबी बदलता येणारा रॉड टाकून तो मधोमध आणायचा. हे न करता एका बाजूचं फेंडर कापून आलेले लोक मी बघितलेत, फार वाईट वाटतं.

मडफ्लॅप. कितीतरी वेळा घासणारी वस्तू फक्त पुढच्या चाकामागचा मडफ्लॅप किंवा त्याचा स्क्रू असतो. तो काढून किंवा मागे घेऊन बघा.

थकलेले बुश. लोअर आर्मचे बुश गेलेले असतील तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं. नवीन टायरला दोष द्यायच्या आधी पहारीने आर्म हलवून बघा.

टप्पा ५: खरी टेस्ट, स्प्रिंग काढून

हा टप्पा कंटाळवाणा आहे, अर्धा दिवस जातो आणि गॅरेजवाला नाक मुरडतो. पण याच्याशिवाय जे काही कराल तो अंदाज. तुम्हाला फक्त एकच काम नीट करायची ताकद असेल तर हेच करा.

१. गाडी सपाट काँक्रीटवर, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक, चेसिसखाली जॅकस्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालायचा नाही.

२. पुढच्या दोन्ही बाजूंच्या स्टॅबिलायझर बारच्या लिंक सोडवा.

३. शॉकअप आणि स्प्रिंगचा अख्खा सेट बाहेर काढा, वरचे कडेचे नट आणि खालचा बोल्ट. मधला मोठा नट उघडायचा नाही. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर जीव घेऊ शकते. स्प्रिंग वेगळी करायचं काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या माणसाकडूनच.

४. स्प्रिंगशिवाय नुसता शॉकअप, त्याचा स्पेसर, टॉप माउंट आणि बंपस्टॉप परत जागेवर लावा. हे मुद्दाम सांगतोय, कारण काही गाड्यांत बंपस्टॉप शॉकअपच्या दांडीवरच असतो, आणि शॉकअप न लावता चाक वर ढकललं तर ते खऱ्या आयुष्यात जाणार नाही तिथपर्यंत जाईल आणि तुम्ही विनाकारण जास्त कापाल.

५. नवा टायर लावा, त्यात ट्रेलवर ठेवता तेवढी हवा ठेवा. मी १८ ते २० पीएसआयवर चालतो तर टेस्टही तेवढ्यावरच. हवा कमी केली की टायरची भिंत फुगते आणि रुंदी वाढते, भरलेल्या टायरवर केलेली टेस्ट ट्रेलवर खोटी ठरते. हवेत लटकलेल्या चाकाला हा फुगवटा पूर्ण येत नाही, म्हणून मोजलेल्या जागेत थोडी सूट धराच.

६. लोअर आर्मखाली ट्रॉली जॅक लावून चाक वर घ्या. दर इंचाला थांबायचं, स्टिअरिंग डाव्या लॉकपासून उजव्या लॉकपर्यंत फिरवायचं, आणि जिथे लागलं तिथे मार्करने खूण करून उंची लिहायची. गाडी जॅकस्टँडवरून उचलली जायला लागली की थांबा, बंपस्टॉप पूर्ण दबला.

७. आता उलटं, चाक पूर्ण खाली सोडा. इथे टायर नाही बघायचा, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर बघायची, लिफ्टनंतर त्या ताणल्या जातात का. आणि सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन, त्यावरच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकांवर घासतायत का. सीव्ही शाफ्टला लटकू देऊ नका.

मागच्या सॉलिड अ‍ॅक्सलला एक बाजू वर, एक बाजू खाली अशी टेस्ट लागते. स्प्रिंग न काढता करायची तर एका मागच्या चाकाखाली आणि तिरप्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली भक्कम रॅम्प घेऊन गाडी क्रॉस करा. एक बाजू दबली की टायरचा वरचा भाग आत झुकतो, आतल्या बाजूला शॉकअपला किंवा कमानीला लागतो का ते टॉर्च लावून बघा. गाडी रॅम्पवर असताना खाली शिरायचं नाही, बाहेरूनच बघायचं.

*तपासा:* सगळीकडे पूर्ण दाबल्यावर, पूर्ण वळवल्यावर किती जागा उरते? मी प्लॅस्टिकपासून १० मिमी आणि लोखंडापासून १५ मिमीच्या खाली समाधान मानत नाही, कारण टायरवर चिखलाचा थर बसतो आणि ठोकळ्यांत दगड अडकतात.

टप्पा ६: लायनर आणि बंपर, आधी वाकवा मग कापा

आता कुठे औजार हातात घ्यायचं, आणि तेही हीट गन. लायनरचं प्लॅस्टिक गरम केलं की मऊ होतं, जाड हातमोजे घालून लाकडी ठोकळ्याने मागे दाबायचं आणि ओल्या फडक्याने गार होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. दहा-पंधरा मिलिमीटर असं सहज मिळतं आणि लायनर अखंड राहतो. बर्नर किंवा ज्योत वापरायची नाही, मागे वायरिंग असतं.

तेवढ्याने नाही झालं तर कापायचं. लायनर पूर्ण काढा, मागे काय आहे बघा, वायरचा गठ्ठा, हॉर्न, काचेच्या पाण्याची टाकी, प्रत्येक गाडीत वेगळं असतं. खुणेच्या रेषेवर मास्किंग टेप लावा, कागदी साचा बनवा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतील, आणि पहिल्यांदा खुणेच्या निम्माच कापा. परत लावून फिरवून बघा, लागलं तर अजून. कापलेलं परत जोडता येत नाही.

लायनर पूर्ण काढून टाकू नका हो. ‘मोकळंच बरं’ म्हणणारे खूप भेटतात, पण मग इंजिनच्या खोलीत चिखल आणि पाणी सरळ जातं, कोकणात खारी हवा आणि लाल माती एकत्र बसून बोल्ट असे गंजतात की पुढच्या वर्षी पाना लागत नाही.

लोखंडाची शिवण, म्हणजे दोन पत्रे जोडलेली उभी कड, चाकामागे लागत असेल तर ती हातोडीने मागे झोपवता येते. आधी कडेचा सीलंट खरवडा, लाकूड मध्ये धरून हळूहळू ठोका, मग उघड्या लोखंडावर झिंक प्रायमर, त्यावर सीलंट, त्यावर अंडरकोट. प्रायमर न मारता तशीच सोडलेली शिवण पुढच्या पावसाळ्यात लाल होते.

*सावधान:* चेसिसला जोडणारा बॉडी माउंट, कंट्रोल आर्मचे ब्रॅकेट, सीटबेल्टचे पॉइंट यांना ग्राइंडर लावायचा नाही. ते कापल्याशिवाय टायर बसत नसेल तर टायर मोठा आहे, छोटा घ्या.

टप्पा ७: स्टिअरिंग स्टॉप

दोन-चार मिलिमीटरसाठी स्टिअरिंगचा शेवटचा थोडा फेरा कमी करता येतो. जिम्नीसारख्या सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये नकलवर (चाकासोबत वळणाऱ्या भागावर) स्टॉप बोल्ट असतो, तो थोडा बाहेर काढून लॉकनट घट्ट करायचा. थारच्या स्टिअरिंग रॅकला आतून लिमिटर लागतो, तो माहीतगाराकडूनच बसवा.

पण याला औषध समजू नका. वळायची जागा वाढते आणि आपल्या घाटांच्या बोळकांडीत, एका बाजूला दरी असताना एका फटक्यात वळणारी गाडी दोनदा रिव्हर्स मागायला लागली की पश्चात्ताप होतो. दोन्ही बाजूंना सारखंच कमी करा, नाहीतर गाडी डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी वळेल.

टप्पा ८: बंपस्टॉप

वरून, म्हणजे घुमटाला किंवा फेंडरच्या ओठाला लागत असेल तर बरोबर उत्तर जास्त लिफ्ट नाही, जास्त उंच बंपस्टॉप. टप्पा ५ मध्ये तुम्ही लिहून ठेवलंय की शेवटच्या किती मिलिमीटरमध्ये लागतं. समजा शेवटच्या २५ मिमीमध्ये, तर तेवढ्याच उंचीचा पॅक किंवा उंच गुटका. चाक तिथे पोचणारच नाही.

यात तोटा आहे, सस्पेन्शनचा प्रवास कमी होतो आणि गाडी लवकर ठक्क करून थांबते. म्हणून आधी कापून-वाकवून मिळेल तेवढी जागा घ्या आणि उरलेल्यासाठीच गुटका वाढवा. दोन इंचाचे पॅक घालून ‘आता कुठेच लागत नाही’ म्हणणाऱ्या गाडीत बसून बघा, पाठ बोलते.

टप्पा ९: टेस्ट ड्राइव्ह, याच क्रमाने

एक, रिकामी गाडी, सोसायटीत, फुल लॉक, पुढे आणि रिव्हर्स. दोन, चार माणसं आणि सामान भरून तेच. तीन, भरलेल्या गाडीने स्पीडब्रेकरवर तिरकं, स्टिअरिंग अर्धं वळवून. चार, उतारावर, मागे-पुढे कोणी नसताना, कमी वेगात वळण घेत ब्रेक. पाच, ट्रेलची हवा करून, टप्पा ५ सारखी तिरपी चाकं वर घेऊन, क्रॉस अ‍ॅक्सल. प्रत्येक पायरीला खडू लावा आणि प्रत्येक पायरीनंतर उतरून बघा, आवाजावर विसंबू नका. प्लॅस्टिकला टायर लागल्याचा आवाज ऐकू येतो पण ब्रेक होजला लागल्याचा येत नाही.

*तपासा:* ५०-१०० किलोमीटर चालल्यावर व्हील नट टॉर्क रेंचने परत घट्ट करा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. सस्पेन्शनचे बोल्टही बघा. काही दिवसांत नवीन स्प्रिंग थोडी बसते, म्हणून महिन्याभराने फेंडरच्या ओठापासून हबच्या मध्यापर्यंतची उंची चारही बाजूंना परत मोजा आणि पहिल्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून पाहा. हेडलाइटचा झोतही खाली घ्या, गाडी वर गेली की समोरच्याच्या डोळ्यात जातो.

स्टेपनीचं काय

चार नवे मोठे टायर आणि मागे दारावर जुना छोटा, अशी गाडी नेऊ नका. ट्रेलवर पंक्चर झालं आणि छोटं चाक एका बाजूला लावून फोर बाय फोर टाकलं तर दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि ताण डिफरन्शियलवर आणि ट्रान्सफर केसवर येतो. पाचवा टायर त्याच साइजचा घ्या. पण तो लावल्यावर थारच्या मागच्या दाराचं वजन वाढतं, म्हणून दार उघडून टोकाला धरून वर-खाली हलवून बघा, बिजागरात खेळ आलाय का. आणि टायरची खालची कड मागच्या बंपरला टेकत नाही ना तेही बघा, मी हे बघितलं नव्हतं आणि सहा महिन्यांत बंपरवर अर्धचंद्रासारखा घासलेला पट्टा पडला होता.